काटछाट, शोधलेखनातील

शोधनिबंधाच्या किंवा प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यातला फापटपसारा अर्थाला धक्का न लावता काढून टाकणे, म्हणजे काटछाट. ती पहिला खर्डा पुरा झाल्यावर करायची असते. लिहिता लिहिता छाटणारा पहिल्याच परिच्छेदात अडकून बसतो.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणजे राजशेखर या जुन्या संस्कृत काव्यशास्त्रकाराची ‘काव्यमीमांसा’. तो १९१६ साली निघाला. त्यात आवाप म्हणजे शब्द घालणे आणि उद्धरण म्हणजे शब्द उचलून टाकणे, या दोन क्रिया जोडीने येतात. मन हेलकावे खाते तोवर त्या चालतात. शब्द जागी स्थिर बसले की थांबतात. चर्चा काव्याची असली, तरी प्रबंधालाही ती चपखल लागू पडते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (स्थापना १९४९) या शहरात मराठी प्रबंध लिहिणाऱ्याच्या कानावर गुजराती सतत असते. पाल्हाळाचा दोष मात्र तिच्या माथी मारता येत नाही. तो येतो सरकारी परिपत्रकांतून आणि इंग्रजी संदर्भग्रंथांच्या वळणातून. ‘करण्यात आले’, ‘च्या माध्यमातून’, ‘असे म्हटल्यास वावगे ठरू नये’ ही त्याची ठरलेली रूपे. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ अशी सुरुवात म्हणजे नमनाला घडाभर तेल. तो परिच्छेद बहुधा अख्खाच काढता येतो.

नमुन्यादाखल एक वाक्य: ‘सदर संशोधनाच्या माध्यमातून बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या बोलीवर गुजरातीचा प्रभाव पडलेला असल्याचे प्रकर्षाने निदर्शनास आलेले आहे.’ शब्द १५. छाटून उरते: ‘बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या बोलीवर गुजरातीचा प्रभाव दिसतो.’ शब्द ७. पण खरी अडचण आता उघडी पडते: प्रभाव कशावर? उच्चारांवर, उसन्या शब्दांवर की वाक्यरचनेवर? पंधरा शब्दांच्या गर्दीत हा प्रश्न लपून राहिला होता. इथे उद्धरणानंतर आवाप करावा लागतो, आणि नेमका तपशील घातल्यावर वाक्य पुन्हा दहा-बारा शब्दांचे झाले तरी बिघडत नाही. केवळ शब्दसंख्या मोजणारे मार्गदर्शक हे विसरतात.

‘बहुधा’, ‘काही’, ‘या नमुन्यापुरते’ हे शब्द भरताड वाटतात, पण निष्कर्षाची मर्यादा तेच सांगतात. ते उडवले की वीस घरांतली पाहणी साऱ्या शहराचे सत्य होऊन बसते. मुलाखतीतले बोलही छाटू नयेत. बोलणारा मराठी शब्दाला अडून गुजरातीकडे वळला असेल, तर ते अडणेच अभ्यासाची सामग्री असते.