बाप्तिस्म्याविना गेलेल्या आप्तांविषयी ख्रिस्ती आशा : पार्श्वभूमी

घरातील एखादी व्यक्ती ख्रिस्तावरील विश्वास कबूल न करता वारली, तर तिच्याविषयी आशा धरता येते का, हा प्रश्न पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पहिल्या पिढीपासून आहे. अहमदनगर परिसरात एकोणिसाव्या शतकात कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली. पण पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गातून आलेली माणसे बहुधा एकेकटीच आली आणि आईवडील, भाऊबंद, कित्येकदा पत्नीसुद्धा जुन्या धर्मातच राहिली. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे एकाच संसारात दोन धर्म होते. अशा घरांत या प्रश्नाला पुस्तकी उत्तर पुरणारे नव्हते.

अर्थात, हा प्रश्न फार जुना आहे. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी मंडळीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, तारण (मुक्ती) नाही असे लिहिले. त्यांच्यासमोरचा वाद मंडळीपासून फुटून निघालेल्यांचा होता, परंतु पुढे तेच वचन ज्यांच्या कानावर सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कधी पडलीच नाही त्यांनाही लावले गेले. ३९२ मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्यापूर्वीच मरण पावला, तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याच्या बहिणींचे सांत्वन करताना सांगितले की, त्याने ज्याची इच्छा धरली आणि जे मागितले ते त्याला मिळाले आहे. पण त्याने निदान मागितले तरी होते. ज्यांनी मागितलेच नाही त्यांच्याविषयी कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर यांनी जपानहून परतल्यावर, जानेवारी १५५२ मध्ये लिहिलेले पत्र आजही वाचवत नाही : नव्याने ख्रिस्ती झालेल्या जपानी लोकांनी आपल्या पूर्वजांना सोडवण्याचा काही मार्ग आहे का असे विचारले, नाही असे उत्तर ऐकून ते रडले आणि त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख झाले, असे झेवियर लिहितात; मात्र उत्तर बदलत नाहीत.

पुण्यात काम करणारे स्कॉटिश मिशनरी १६४७ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकाने, म्हणजे त्यांच्या मंडळीच्या अधिकृत श्रद्धा-जाहीरनाम्याने, बांधलेले होते. त्यात मृतांसाठी प्रार्थना करण्यास मनाई आहे, आणि ख्रिस्ती धर्म न स्वीकारलेला माणूस स्वतःच्या धर्माप्रमाणे कितीही काटेकोर वागला तरी त्याचे तारण होणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. काही काळ पुण्यात फ्री चर्चचे (या स्कॉटिश मंडळीचे) पाळक असलेले मराठी लेखक बाबा पदमनजी याच परंपरेतले होते. तथापि १८९२ मध्ये खुद्द फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडने एक खुलासा मंजूर केला : सुवार्तेच्या नेहमीच्या साधनांपलीकडे असलेल्यांवर देव ख्रिस्ताकरिता दया करू शकणार नाही, असे आपले विश्वासपत्रक शिकवत नाही. एवढे एक वाक्य जुन्या चौकटीत शिरायला जवळजवळ अडीचशे वर्षे लागली.

त्याआधी सहा वर्षे याच विषयावरून अमेरिकेत मोठे वादळ उठले होते, आणि त्याच्या मध्यभागी मराठी मुलुखातील एक मिशनरी होता. मुंबईत जन्मलेले आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करणारे रॉबर्ट ह्यूम १८८६ मध्ये रजेवर गेले असता अँडोव्हर येथील ईश्वरविद्या महाविद्यालयाच्या बाजूने बोलले. ज्यांना या जन्मी ख्रिस्त कळलाच नाही त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, असे तेथील अध्यापक मानत होते. अशाने मिशनकार्याची निकड संपेल, या भीतीने त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेने ह्यूम यांची पाठवणी रोखून धरली आणि पुढच्या वर्षी ते परतू शकले. मिशनची निकड टिकावी म्हणून पूर्वजांचा नरक आवश्यक मानणे, हा युक्तिवाद मला नेहमीच ओशाळवाणा वाटत आला आहे.

या साऱ्या वादापेक्षा पंडिता रमाबाईंचे लेखन मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन चालवणाऱ्या रमाबाईंची सुवार्तिक निष्ठा कडवी होती. हिंदू धर्माविषयी त्या मवाळ बोलत नसत. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे दुष्काळात, हिंदू म्हणूनच वारले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत रमाबाई वडिलांचे अखेरचे बोल सांगतात : मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच हो. आणि त्यावर स्वतःची पुस्ती जोडतात की, ज्या स्वर्गीय पित्याला ते वृद्ध हिंदू ओळखत नव्हते, त्यानेच त्यांची प्रार्थना ऐकली. वडिलांचे तारण झाले असे त्या म्हणत नाहीत. पण ज्याची प्रार्थना देव ऐकतो त्याला देव अगदीच परका कसा, हा विचार त्या ओळींतून वाचकापर्यंत पोहोचतोच.

पुण्यातच पंचहौदच्या चर्चमध्ये, १८८५ पासून, वेगळी हवा होती. तेथील काउली फादर, म्हणजे एका इंग्लिश संन्यासी संघाचे पाद्री, हे अँग्लिकन (इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे) असूनही जुन्या कॅथलिक वळणाचे. मृतांसाठी प्रार्थना करणे त्यांना गैर वाटत नसे. रोमन कॅथलिक मंडळीने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत जाहीर केले की, जे स्वतःच्या दोषाशिवाय ख्रिस्ताला ओळखत नाहीत, पण प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकाला स्मरून वागतात, त्यांना शाश्वत तारण मिळू शकते. परिषदेनंतर मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, आलेल्या एका प्रार्थनेत, ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा सर्व मृतांचे स्मरण केले जाते.

आज पुण्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही बाजू शेजारी नांदतात. नगर रस्त्यावर १९५५ मध्ये आलेली, कॅथलिक पाद्री घडवणारी पेपल सेमिनरी आहे, तर बिबवेवाडीला १९८३ मध्ये यवतमाळहून हललेली प्रॉटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरी. कॅथलिक कुटुंब २ नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या, मिस्सामध्ये हिंदू आजीचे नावही मनात धरू शकते. प्रॉटेस्टंट उपासनेत प्रार्थना बहुधा मागे राहिलेल्यांसाठी होते आणि गेलेल्याचा निवाडा देवावर सोडला जातो.