पॉलिफोनिक ऑक्टेव्ह इफेक्ट

वाजवलेल्या प्रत्येक सुराला तोच सूर एक किंवा दोन सप्तकं वर-खाली जोडून देणारा ध्वनी-इफेक्ट. आधी गिटारच्या पेडलमध्ये आला, आता रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणजे जोड-प्रोग्राम म्हणूनही लावतात. पॉलिफोनिक अशासाठी की सहा तारांचा अख्खा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, एकदम छेडला तरी त्यातल्या प्रत्येक सुराचं आपापलं सप्तक मिळायला हवं. ४४० हर्ट्झचा सूर खाली गेला की २२०, वर गेला की ८८०, गणित एवढंच. पण मशीनला कॉर्डमधले सूर वेगळे दिसत नाहीत, त्याला दिसते एकच गुंतागुंतीची लाट, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

याच्या आधीचे ऑक्टेव्ह इफेक्ट एका वेळी एकाच सुराचे. वरच्या सप्तकासाठी लाटेचा खालचा अर्धा भाग उलटा करून वर आणायचा, म्हणजे चढउतार दुप्पट होतात. रॉजर मेयरचं ऑक्टेव्हिया हे उपकरण याच तत्त्वावर चालायचं आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या १९६७ च्या 'पर्पल हेझ'च्या सोलोत ते ऐकू येतं. खालच्या सप्तकासाठी फ्लिप-फ्लॉप सर्किट, जे दर लाटेला एकदा पलटतं, त्यामुळे आतल्या दोन लाटांची बाहेर एक होते. १९८० च्या दशकाच्या सुरवातीचं बॉस कंपनीचं ओसी-२ पेडल याच घराण्यातलं. यात कॉर्ड दिला की सर्किटला लाट कुठे सुरू झाली तेच कळत नाही आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो.

पहिला खरा पॉलिफोनिक ऑक्टेव्ह कुणाचा यावर एकमत नाही. काही जण मुळं १९६६ पर्यंत मागे नेतात, बेल लॅब्जच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांच्या फेज व्होकोडरपर्यंत, म्हणजे आवाज पट्ट्यांत फोडून पुन्हा जोडण्याच्या पद्धतीपर्यंत, पण ते काम बोलण्याच्या आवाजावरचं होतं, संगीतासाठी नव्हे. दुसरा पक्ष इव्हेंटाइड कंपनीच्या एच९१० हार्मोनायझर या सूर सरकवणाऱ्या यंत्राचा, साधारण १९७५ चा. तो आवाज मेमरीत लिहून वेगळ्या वेगाने वाचायचा, सूर ओळखण्याच्या भानगडीतच पडायचा नाही, त्यामुळे कॉर्डही आपसूक सरकायचा, फक्त जिथे तुकडे सांधले जायचे तिथे खटका ऐकू यायचा. तिसरा पक्ष इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या २००५ च्या पॉग पेडलचा, पॉग म्हणजे पॉलिफोनिक ऑक्टेव्ह जनरेटर, त्याच्या तर नावातच पॉलिफोनिक आहे. एच९१० ला कॉर्ड म्हणजे काय हे माहीतच नव्हतं, त्यामुळे त्याला पूर्वज म्हणणं ठीक, पण आज लोक ज्याला या नावाने ओळखतात तो आवाज पॉगपासूनचा धरणं जास्त पटतं. जाता जाता, द व्हाइट स्ट्राइप्स या बँडच्या 'सेव्हन नेशन आर्मी'मधला बाससारखा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) पुष्कळदा पॉगच्या खात्यावर टाकला जातो, पण गाणं २००३ चं, पॉग त्यानंतरचा, तिथे बँडचा गिटारवादक जॅक व्हाइटने डिजिटेकचं व्हॅमी हे सूर सरकवणारं पेडल वापरलं होतं आणि पॉग त्याने वापरला २००५ च्या 'ब्लू ऑर्किड'मध्ये.

आता आतली यंत्रणा. २०० आणि ३०० हर्ट्झचे दोन सूर एकत्र घेऊन सरळ सिग्नलचा वर्ग केला तर हवे ते ४०० आणि ६०० मिळतात, पण सोबत बेरीज-वजाबाकीचे ५०० आणि १०० पण घुसतात, जे कुणी मागितलेच नव्हते. म्हणून आधी सिग्नल पुष्कळ अरुंद फिल्टरांतून पाठवून वारंवारतेच्या पट्ट्यांत वाटायचा, प्रत्येक पट्टीत जमेल तितका एकच सूर राहील असं बघायचं, मग पट्टीतला सिग्नल संमिश्र संख्या म्हणून धरून त्याची फेज, म्हणजे लाट आपल्या फेऱ्यात कुठवर आली ते सांगणारा कोन, दुप्पट करायची की झालं वरचं सप्तक, निम्मी केली की खालचं. निम्मी करणं जास्त किचकट, कारण ते वर्गमूळ काढण्यासारखं आहे आणि वर्गमूळाला अधिक आणि उणे अशी दोन उत्तरं असतात आणि मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी पडली तर टक् असा आवाज येतो, म्हणून चिन्ह सतत सांभाळावं लागतं. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या २०१६ च्या एका प्रबंधात ही पद्धत खास गिटारसाठी मांडलेली आहे.

याला मर्यादा आहे आणि ती कुठल्याच कंपनीला चुकलेली नाही. गिटारचा सगळ्यात खालचा ई ८२.४ हर्ट्झचा, त्याच्या शेजारचा एफ ८७.३ चा, अंतर जेमतेम ५ हर्ट्झ. एवढे जवळचे सूर वेगळे करायचे तर साधारण पाचव्या भागाइतका सेकंद ऐकत बसावं लागतं आणि वाजवणारा एवढा थांबत नाही. उलट फिल्टर रुंद ठेवले तर उशीर कमी होतो पण जवळचे सूर एकाच पट्टीत येऊन थरथरतात. आवाजाचे तुकडे घेऊन त्यातल्या वारंवारता मोजणाऱ्या फूरिए पद्धतीच्या प्लगइनमध्ये २०४८ सॅम्पलची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा तुकडा, ४४.१ किलोहर्ट्झला ४६ मिलिसेकंदांची होते, वाजवताना हे बोटांना जाणवतं. मेलोडाइन या सॉफ्टवेअरमध्ये २००९ पासून कॉर्डमधले सूर सुटे करता येतात, पण ते आधी रेकॉर्ड केलेल्या आवाजावर, त्याला घाई नसते.

अरुंद फिल्टरांमुळे छेडल्याचा टणत्कारही बोथट होतो, म्हणून हा इफेक्ट लावलेली गिटार ऑर्गनसारखी वाटते. तसा सप्तक जोडायचा प्रकार आपल्या पेटीवाल्यांना नवा नाही, कपलर लावला की एक पट्टी दाबल्यावर खालच्या सप्तकातलीही आपोआप दबते, आणि तिथे ओळखण्या-वेगळं करण्याचा प्रश्नच येत नाही कारण प्रत्येक सुराची पट्टी मुळातच वेगळी.

वापराबद्दल थोडक्यात. डिस्टॉर्शन म्हणजे आवाज फाडणाऱ्या इफेक्टच्या आधी लावतात, नंतर लावला तर फिल्टरांपुढे सुरांऐवजी जाडजूड खिचडी येते. रेकॉर्ड करताना मूळ आवाज सुटा ठेवून सप्तकं नंतर चढवणं बरं, मिक्सच्या वेळी सॉफ्टवेअर उशीर भरून काढतं. खालचं सप्तक खालच्या तारांच्या कॉर्डवर गढूळ होतं म्हणून तिथे तळ कापतात, आणि खालच्या ई चा खालचा सूर ४१ हर्ट्झचा असल्यामुळे तो फोनच्या स्पीकरवर ऐकून ठरवण्यात काही अर्थ नसतो.