राइडचा सणासुदीचा साज: सुतारांकडून संगणकाकडे

राइडवर सण चढवायचा म्हणजे पूर्वी सुतार, शिंपी आणि रंगारी लागत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ही बाहुल्यांमधून जाणारी होडीची सफर १९९७ साली पहिल्यांदा नाताळच्या रूपात सजली. तिच्या नेहमीच्या गाण्यात 'जिंगल बेल्स' मिसळलं गेलं. २००१ साली तिथल्याच 'हाँटेड मॅन्शन' या १९६९च्या भुताच्या वाड्यावर 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' चित्रपटातली पात्रं अवतरली. आजही हा साज चढवायचा तर वाडा काही दिवस बंद ठेवावा लागतो, उतरवायचा तरी तेच. वाड्यातल्या मेजवानीच्या टेबलावरचं जिंजरब्रेडचं, म्हणजे आल्याच्या बिस्किटाचं, घर दर वर्षी नवं असतं आणि तेवढं बघायला लोक मुद्दाम येतात.

पडद्यावरच्या राइडमध्येही बदल आधी सोपा नव्हता. डिस्नेलँडची १९८७ची 'स्टार टूर्स', म्हणजे 'स्टार वॉर्स' चित्रपटांवरची हलत्या केबिनमधली अवकाशसफर, ७० मिलिमीटरच्या फिल्मवर चाले आणि केबिनचा प्रत्येक हिसका त्या फिल्मशी जुळवलेला असे. त्यामुळे २०१० साली बंद होईपर्यंत प्रवाशांना तोच प्रवास घडला. २०११ साली ती डिजिटल झाली, तेव्हा प्रसंगांचे तुकडे ५४ प्रकारे जोडता येऊ लागले. पुढे 'स्टार वॉर्स'चे नवे चित्रपट आले तसे नवे तुकडे त्यात बसवले गेले. या साऱ्या इतिहासातलं खरं वळण मला हेच वाटतं.

पण प्रवासी नुसता बघत नसून खेळत असेल तर? २००८ साली फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या डिस्नेच्या पार्कांत 'टॉय स्टोरी' चित्रपटांवरची 'टॉय स्टोरी मिडवे मेनिया' ही राइड सुरू झाली. मिडवे म्हणजे अमेरिकी जत्रेतली खेळांची गल्ली. आपल्याकडच्या फुगे फोडायच्या स्टॉलसारखीच गंमत. थ्रीडी चष्मा लावायचा, गाडी पडद्यासमोर थांबली की पुढ्यातल्या छोट्या तोफेची दोरी खेचत राहायचं. पडद्यावर अंडी, डार्ट, रिंगा सुटतात, फुगा फुटला की तोंडावर वाऱ्याची झुळूक येते आणि काही मिनिटांत हात भरून येतो. २०१० साली त्यातला चित्रपटातल्या बो पीप या बाहुलीचा फुग्यांचा खेळ जाऊन रेक्स आणि ट्रिक्सी या डायनोसॉरांचा डार्टचा खेळ आला. रूळ, गाड्या, तोफा जागच्या जागी राहिल्या.

खेळ बदलणं मात्र चित्रफीत बदलण्याइतकं सरळ नाही. नुसता नाताळचा बर्फ आणि हॅलोविन या भुताखेतांच्या सणाचे भोपळे रंगवून भागत नाही. लक्ष्य किती मोठं, किती वेगाने सरकणार, त्याला गुण किती, हे सगळं नव्याने बसवावं लागतं. पाच वर्षांच्या पोरालाही नेम लागला पाहिजे आणि वरचेवर येणाऱ्यालाही शोधायला काही उरलं पाहिजे. अशा मुरलेल्या खेळाडूंना जादा गुणांच्या जागा पाठ असतात. नवा खेळ आला की ते पाठांतर निकामी होतं आणि एकाच गाडीत बसलेले आजोबा आणि नात बरोबरीला येतात. हंगामी बदलाचं मोल मला इथे सर्वांत जास्त दिसतं.

कॅलिफोर्नियाच्याच नॉट्स बेरी फार्म या करमणूक पार्कने २०१५ साली 'व्हॉयेज टू द आयर्न रीफ' ही नेमबाजीची राइड काढली होती. २०२१ साली त्याच रुळांवर अस्वलांच्या जत्रेची नवी गोष्ट आली. त्या जागी १९७५ ते १९८६ अस्वलांचीच राइड होती, त्यामुळे जुन्या लोकांना आपलं बालपण पडद्यावर परत भेटलं.

आता बदलाला एक दिवसही पुरतो. 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' या डिस्नेच्या लिफ्टच्या राइडला २०१७पासून हॅलोविनच्या हंगामात दोन रूपं असतात. दिवसा नेहमीची गोष्ट चालते. संध्याकाळी त्याच लिफ्टमध्ये दिवे, संगीत, पडद्यावरची दृश्यं आणि खाली कोसळण्याचा क्रमही बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क उघडतो तेव्हा ती पुन्हा मूळ गोष्टीवर आलेली असते.