पावाचा पायाशी संबंध नाही

पावाला पाव का म्हणतात, असं विचारलं की आपल्याकडे दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, बेकरीत पीठ पायाने तुडवतात म्हणून. दुसरं, लादीचे चार भाग करायचे, त्यातला चौथा हिस्सा तो पाव. दोन्ही उत्तरं इतक्या खात्रीने सांगितली जातात की ऐकणारा पुढे विचारतच नाही. दोन्ही चुकीची आहेत. तरी ती सुचली कशी हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठीत 'पाव' हा एक शब्द नाहीच. एकाच उच्चारात तीन वेगवेगळी घराणी राहतात आणि त्यांची मूळगावं एकमेकांपासून फार लांब आहेत.

सगळ्यात जुनं घराणं हिशेबाचं. संस्कृतात 'पाद' म्हणजे पाय आणि 'पाद' म्हणजेच चौथा हिस्सा. जनावराला चार पाय, म्हणून एक पाय म्हणजे एक चतुर्थांश, इतका साधा हा विचार. ऋग्वेदातल्या पुरुषसूक्तात तो स्पष्ट दिसतो: सगळी भूतसृष्टी हा त्या पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद द्युलोकात अमर. श्लोकाच्या चौथ्या भागाला पाद किंवा चरण म्हणतात तेही यामुळेच. प्राकृतात या शब्दातला 'द' गळाला आणि 'पाअ' उरलं. दोन स्वर असे लगटून आले की जीभ मध्ये काहीतरी सरकवते, कधी 'य', कधी 'व'. 'य' सरकला तिथे मराठीचा 'पाय' झाला, 'व' सरकला तिथे 'पाव'. हिंदीने पायालाही 'पाँव' म्हटलं. मराठीने मात्र कामं वाटून दिली: चालायला पाय, मोजायला पाव. म्हणजे पायाशी नातं आहे ते पाव किलोतल्या पावाचं, खायच्या पावाचं नाही. अर्धी गफलत इथेच होते.

हे हिशेबाचं घराणं मराठीत फार पसरलं. पादोन, म्हणजे पाव कमी, त्याचं 'पाऊण' झालं. सपाद, म्हणजे पावासकट, त्याचं 'सव्वा'. घड्याळ अजून आपण याच भाषेत सांगतो: सव्वादोन, पावणेतीन. जुन्या शाळेत मुलांना पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. पावकीची धून ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना ती आजही आठवते, कारण बाजारहाट त्यावरच चाले. शेर होता तोवर पावशेर होता आणि पावशेराच्या पोटात चार छटाक. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा चार आण्यांची पावली होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, आणे गेले, पण पावली गेली नाही. ती २५ पैशांना चिकटून राहिली आणि ३० जून २०११ ला ते नाणंही व्यवहारातून रद्द झाल्यावरच थांबली. शेराच्या जागी किलो आला आणि पावशेराचा 'पाव किलो' झाला. मापं बदलली, पण चौथ्या हिश्श्याला लोकांनी दुसरं नाव दिलं नाही.

दुसरं घराणं देवळातलं आणि टपालातलं. संस्कृतात 'प्र' आणि 'आप्' मिळून 'पोचणे, मिळवणे' असा अर्थ होतो, 'प्राप्त' त्यातलाच. प्राकृतातून येताना तो धातू 'पाव' झाला आणि मराठीत 'पावणे'. गणपतीच्या आरतीत 'संकटी पावावे' म्हणतो तो हाच. नवसाला देव पावतो, म्हणजे भक्तापर्यंत येऊन पोचतो. पत्र पावतं. पैसे पावले याचा कागद ती पावती. 'आजपावेतो' मधला पावेतोही इथलाच. माणूस मरण पावतो तेव्हाही भाषा तेच क्रियापद वापरते, आणि मला त्यातली अदब नेहमी जाणवते. जणू तोही एक मुक्काम, जिथे पोचायचं. या पावाचा चौथ्या हिश्श्याशी काही संबंध नाही. ध्वनी झिजत झिजत दोघे एका उच्चाराला येऊन ठेपले, एवढंच.

तिसरा पाव समुद्रावरून आला. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतला. भाताच्या मुलखात त्यांना त्यांची रोजची भाकरी हवी होती आणि तिचं त्यांच्या भाषेतलं नाव उच्चारायला 'पाँउ' सारखं, शेवट नाकातून काढायचा. मूळ लॅटिन शब्द 'पानिस'. (त्याच 'पानिस'पासून लॅटिनमध्ये 'एका भाकरीतले सोबती' अशा अर्थाचा शब्द झाला आणि त्यातून पुढे 'कंपनी'. ईस्ट इंडिया कंपनी आणि लादीपाव हे शब्दांच्या जगात एकमेकांचे भाऊबंद आहेत.) गव्हाचं पीठ मिळवता येत होतं, पण ते फुगवायचं कशाने? उत्तर माडावर होतं. माडाची सूर, म्हणजे माडातून काढलेला रस, आंबते, ती पिठात घातली की पीठ फुगतं. गोव्याचा पाव असा पोर्तुगीज नावाचा आणि कोकणी माडाचा झाला.

गोव्यातल्या सालसेत भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा धंदा हातात घेतला. पाव भाजणाऱ्याला पोर्तुगिजांत 'पादेरु' म्हणत, कोकणीत तो 'पोदेर' झाला. सायकलला मोठी टोपली, भोंगा वाजवत सकाळ-संध्याकाळ फिरणारा पोदेर गोव्यात अजून येतो. त्याच्या टोपलीत नुसता पाव नसतो. गोल, कडक पापुद्र्याचा उंडो असतो, कोंड्याची पोकळ पोई असते, बांगडीच्या आकाराचं काकण असतं, कात्रीने कापल्यासारखा कात्रो असतो. या प्रत्येकाला गोवेकर वेगळा मानतो आणि कशाबरोबर काय खायचं हे त्याला सांगावं लागत नाही. गोव्यातले भट्टीवाले पुढे मुंबईत गेले, त्यांच्या पाठोपाठ इराण्यांच्या बेकऱ्या आल्या, ब्रून आणि लादी शहराच्या जिभेवर बसले. चावी, पगार, घमेलं, फीत, बटाटा हे शब्दही पोर्तुगिजांकडूनच मराठीत आले. त्यांच्याबद्दल कुणी पायाची गोष्ट रचली नाही.

मग खाण्याचा पाव पोर्तुगीजच, हे कशावरून? सगळ्यात भक्कम साक्ष जपान देतं. १५४३ मध्ये पोर्तुगीज व्यापारी तानेगाशिमा बेटावर पोचले आणि जपानीत पावाला 'पान' हे नाव पडलं. नाकातला शेवट जपान्यांनी 'न' म्हणून ऐकला, आपण तो सोडून दिला आणि 'व' ठेवला. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीज जहाजांना बंदी केली, पण शब्द मागे राहिला. पुढे तोक्योत किमुरा यासुबेई यांच्या बेकरीने १८७४ मध्ये 'आनपान' काढला. गोड वाटलेल्या लाल चवळीसारख्या डाळीचं पुरण आत, आणि पीठ फुगवायला तांदळाच्या दारूचं, साकेचं आंबवण. गोव्यात माडाची सूर, तोक्योत साके. एकमेकांना न विचारता दोघांनीही घरातलीच आंबट वस्तू हाताशी घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं. जपानीत 'पान' म्हणजे पायही नाही आणि चौथा हिस्साही नाही. तिथे हा शब्द जहाजातून उतरला, तसाच इथेही.

श्रीलंकेत पोर्तुगीज १५०५ ला पोचले. सिंहलीतही पावाला 'पान' म्हणतात, आणि तिथे तीनचाकीतून गाणं वाजवत पाव विकणारे गल्लोगल्ली हिंडतात. मराठी माणसाला 'पान' म्हटल्यावर झाडाचं नाहीतर विड्याचं आठवणार. बंगालीत आणि हिंदीत तर लोकांनी परक्या शब्दाला आपला शब्द जोडून दिला: पाउरुटी, पावरोटी. भाकरीभाकरी असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. तिकडेही 'पाँव-रोटी, पायाने मळलेली' ही गोष्ट सांगितली जाते, म्हणजे ही कल्पना एकट्या मराठीची नाही.

जपानी मुलांचं एक लाडकं कोडं आहे: पान आहे पण खाता येत नाही, असा पान कोणता? उत्तर, फ्रायपान. इंग्रजीतून आलेला तव्याचा 'पॅन' आणि पोर्तुगिजांकडून आलेला पावाचा 'पान' तिथे एका उच्चारात भेटले. आपल्याकडे पाव किलो आणि लादीपाव भेटले, तशीच ही भेट.

नुसता उच्चार धरून निघालो तर आणखी लांब भटकता येतं. बार्सिलोनाच्या कॅटलान भाषेत 'पाउ' म्हणजे शांतता, आणि पॉल या नावाचं तिथलं रूपही 'पाउ'. चेलोवादक पाउ काझाल्स यांच्या नावातलं ते हेच. इंडोनेशियात 'बाकपाओ' मिळतो, पाहिला की पावच वाटतो. पण तो 'पाओ' चिनी आहे, गुंडाळलेलं, सारण भरून वाफवलेलं असा. पोर्तुगालशी त्याचं देणंघेणं नाही. हवाईत 'पाउ' म्हणजे संपलं, आटोपलं. तिथे १८७८ पासून उसाच्या मळ्यांवर पोर्तुगीज मजूर आले आणि त्यांनी आपला गोड पाव नेला, त्यामुळे एकाच बेटावर दोन्ही शब्द नांदू लागले. आणि खुद्द पोर्तुगिजांत नाकातला सूर सोडून 'पाउ' म्हटलं तर अर्थ होतो लाकूड. लिस्बनच्या बेकरीत आपण मराठी उच्चारात पाव मागितला, तर आपण लाकूड मागतो आहोत असं ऐकू जाईल.

आता पायाच्या गोष्टीकडे परत येऊ. मोठ्या प्रमाणात पीठ मळायला पाय वापरणं ही जगात नवी गोष्ट नाही. इजिप्तचे लोक पीठ पायाने मळतात, असं हिरोडोटसने अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. पण आपल्याकडे ही गोष्ट टिकली ती माहिती म्हणून टिकली असं मला वाटत नाही. तिच्यात किळस आहे. पाव ख्रिस्त्याच्या हातचा, त्यात ताडामाडाची दारू, तो खाल्ला की माणूस बाटला, ही समजूत पिढ्यान् पिढ्या होती. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या कथा कोकणात, गोव्यात आणि वसईकडे सांगितल्या गेल्या. मुंबईत गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला 'मकापाव' म्हणून हिणवलं जाई. 'म्हाका पाव', मला पाव, या त्याच्याच भाषेतल्या शब्दांची शिवी केली गेली. 'पायाने तुडवलेला' हा खुलासा याच रांगेत बसतो. शब्दाचं मूळ सांगताना तो अन्नाला आणि ते बनवणाऱ्यालाही खाली ढकलतो.

म्हणूनच १८४९ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने पावच निवडला. जातिभेद मोडायला निघालेली ही मंडळी गुप्तपणे जमत. नव्या सभासदाला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यावं लागे. तेवढं केलं की तो आत. आज वाचताना ही अट किरकोळ वाटेल, पण त्या काळी ती घर, लग्नं, श्राद्धपक्ष सगळं पणाला लावणारी होती. सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावं फुटण्याच्या भीतीने १८६० च्या सुमारास सभाच मोडली. सभेच्या प्रमुखांपैकी एक होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे दादोबा तेच. भाषेचे नियम बांधणाऱ्या या माणसाच्या मंडळात प्रवेशाची खूण एक परका शब्द होता आणि त्या शब्दाचा घास होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

सभा स्थापन झाल्यानंतरच्या चाळीस वर्षांतही फार काही बदललं नव्हतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली, त्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, झालं आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं.

मुंबईत हा विटाळ धुऊन निघाला तो भुकेने आणि घाईने. गिरण्यांच्या पाळ्या, लोकलच्या वेळा, चाळीतल्या खोलीत स्वयंपाकाला नसलेली जागा, या सगळ्यात पाव स्वस्त होता, तयार होता आणि कागदात गुंडाळून हातात धरता येत होता. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी त्यात बटाटेवडा घातला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. वडा संस्कृत 'वटक'कडून आलेला, बटाटा आणि पाव पोर्तुगिजांकडून. पंचहौदाच्या बिस्किटाने ज्यांच्या घरात वादळ झालं असतं, त्यांची नातवंडं-पतवंडं त्या गाडीपुढे रांगेत उभी राहिली. तिथे कुणी 'दोन पाव जादा दे' म्हणतो तेव्हा गाडीवाला लादीतून दोन पाव तोडून देतो. दोन पाव म्हणजे अर्धा, असा हिशेब पावकी पाठ असलेला म्हाताराही तिथे करत नाही.