तंबाखूच्या जमिनीखालचे गाव: मार्टिन्स हंड्रेडची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, जेम्स नदीच्या उत्तर काठावर, कार्टर्स ग्रोव्ह नावाचा अठराव्या शतकातला वाडा आहे. १९७० च्या दशकात कलोनियल विल्यम्सबर्ग या संस्थेचे पुरातत्त्वज्ञ आयव्हर नोएल ह्यूम यांच्या नेतृत्वाखाली तिथे खोदकाम करू लागले, ते वाड्याची नाहीशी झालेली जोडघरे शोधण्यासाठी. सापडले मात्र वाड्याहून शंभरावर वर्षे जुने गाव: मार्टिन्स हंड्रेड वसाहतीचे केंद्र, वुल्स्टनहोम टाऊन.

'सापडले' म्हणजे भिंती सापडल्या असे नव्हे. इथली घरे लाकडी होती, त्यांचे खांब थेट जमिनीत पुरलेले. खांब कुजले की उरतो तो मातीत वेगळ्या रंगाचा डाग. असे डाग एकेक करून नकाशावर मांडत गेल्यावर घरे, कोठार आणि लाकडी तटबंदीचा छोटा किल्ला आकाराला आला. वरचा थर नांगराने कधीच उलथला होता. हाती जे आले ते बहुतेक नांगराचा फाळ पोहोचला नाही त्या खोलीवरचे आहे.

हे गाव इथे का वसले, याचे उत्तर लंडनमध्ये आहे. १६०७ साली जेम्सटाऊन ही इंग्रज वसाहत वसवणारी व्हर्जिनिया कंपनी दहा वर्षांतच पैशाअभावी टेकीला आली होती. देण्यासारखी एकच गोष्ट तिच्याकडे होती, ती म्हणजे जमीन, आणि तीही तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांची. कंपनीने गुंतवणूकदारांच्या गटांना मोठमोठे पट्टे तोडून दिले. अशाच एका गटाला सुमारे वीस हजार एकर मिळाले. रिचर्ड मार्टिन या वकिलाचे नाव वसाहतीला मिळाले आणि सर जॉन वुल्स्टनहोम या भागधारकाचे गावाला. १६१८ च्या अखेरीस 'गिफ्ट ऑफ गॉड' जहाजातून सुमारे २२० माणसे निघाली.

पीक होते तंबाखू. जॉन रॉल्फ या वसाहतवाल्याने कॅरिबियन बियाण्यावर प्रयोग केल्यापासून व्हर्जिनियात दुसरे काही लावायला कुणी फारसे राजी नव्हते. तंबाखू जमिनीचा कस झपाट्याने ओढून घेते, म्हणून सतत नवे रान हवे. पोव्हाटन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या साफ करून ठेवलेली नदीकाठची शेते वसाहतवाल्यांना सर्वांत सोयीची वाटली. माझ्या मते पुढच्या रक्तपाताचे खरे कारण इथे आहे. इंग्रजी कागदपत्रांत मात्र तो कायम 'विश्वासघात' म्हणूनच येतो.

२२ मार्च १६२२ रोजी ओपेचॅनकॅनो या पोव्हाटन प्रमुखाने नदीकाठच्या वसाहतींवर एकाच दिवशी हल्ला केला. कंपनीने छापलेल्या यादीत ३४७ मृत आहेत. त्यांत सत्तरहून अधिक एकट्या मार्टिन्स हंड्रेडचे, म्हणजे सर्वांत मोठी हानी इथलीच. उत्खननात कपाळावर खोल घाव असलेला एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. कचऱ्याच्या खड्ड्यात एका स्त्रीचा सांगाडा होता, झोपेत असावी तशा स्थितीत. ती जीव वाचवून तिथे लपली आणि तिथेच मेली, असा नोएल ह्यूम यांचा तर्क.

त्या यादीत मेलेल्या म्हणून नोंदलेल्या काही स्त्रिया प्रत्यक्षात कैदेत होत्या. त्यांतली जेन डिकन्सन सुटली, पण तिची सुटका वाचताना आजही संताप येतो. तिचा नवरा हल्ल्यात मारला गेला आणि ती सुमारे दहा महिने कैदेत राहिली. डॉक्टर जॉन पॉट यांनी दोन पौंड काचमणी देऊन तिला सोडवले आणि त्या खंडणीपायी, शिवाय नवऱ्याच्या चाकरीच्या उरलेल्या करारापायी, स्वतःकडे राबायला ठेवले. १६२४ मध्ये तिने गव्हर्नरकडे अर्ज केला. पॉट यांच्याकडची चाकरी पोव्हाटनांच्या कैदेहून फारशी वेगळी नाही, असे तिने त्यात लिहवले आहे. गावाबद्दल मला एकच कागद निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

जमिनीतल्या वस्तूही माणसांतली उतरंड दाखवतात. एका घराच्या जागी कलाबतूचा, म्हणजे सोन्याच्या तारेचा, एक छोटा तुकडा निघाला. १६२१ च्या आदेशानुसार कपड्यांत सोने वापरण्याची मुभा फक्त गव्हर्नरच्या कौन्सिलचे सदस्य आणि वसाहतींचे प्रमुख यांना होती. त्यावरून ते घर वसाहतीचा प्रमुख विल्यम हारवूड याचे असावे, असे अनुमान निघाले. तोंडासकट सगळे डोके झाकणारी दोन पोलादी शिरस्त्राणेही मिळाली. गंजून त्यांची माती व्हायची वेळ आली होती. उत्तर अमेरिकेत अशी शिरस्त्राणे तोवर सापडली नव्हती, म्हणून प्रसिद्धी त्यांनाच लाभली. मला १६३१ साल असलेली मातीची थाळी अधिक मोलाची वाटते. थॉमस वॉर्ड नावाचा कुंभार इथे राहत होता. हल्ल्यानंतर नऊ वर्षांनी या परिसरात कुणीतरी चाकावर बसून भांडी घडवत होते, हे ती सांगते.

हल्ल्यानंतर काही माणसे परतली होती, पण गाव म्हणून वुल्स्टनहोम टाऊन पुन्हा उभे राहिले नाही. विखुरलेली शेतघरे तेवढी टिकली. पुढे ही जमीन रॉबर्ट कार्टर या बड्या जमीनदाराकडे गेली आणि त्याचा नातू कार्टर बर्वेल याने १७५० च्या दशकात आजचा वाडा बांधला. आता शेते गुलाम केलेली आफ्रिकन माणसे कसत होती. त्यांच्या वस्तीच्या खुणाही याच आवारात मिळाल्या. तंबाखूसाठी परक्याची जमीन आणि परक्याचे श्रम घेण्याची जी रीत १६१९ च्या सुमारास इथे रुजली, तिची पुढची पायरी पाहायची असेल तर ती वस्ती किल्ल्याइतक्याच बारकाईने पाहायला हवी.