लाईट, रखुमाई आणि रघुनाथ

बेळगावच्या वडगावात संध्याकाळी लाईट गेली की ते आधी कानांना कळतं. शेजारच्या यंत्रमागांची खडखड एकदम थांबते आणि गल्लीतून हाक येते, "तुमच्यात पण गेली काय?" जूनमधल्या अशाच एका पावसाळी संध्याकाळी भाचा मोबाईलच्या उजेडात इंग्रजीचे शब्दार्थ लिहीत बसला होता. नेमका 'लाईट'पाशी अडकला. शब्दकोशात पहिला अर्थ प्रकाश, दुसरा हलका.

"मामा, दोन्ही बरोबर हाय, खरं दोन्हीचा संबंध काय?"

(आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'. पुण्याचे पाहुणे इथं हमखास गोंधळतात.)

मी लगेच सांगून टाकलं, "उजेडाला वजन नसतं, म्हणून तो हलका." भाच्यानं लिहूनही घेतलं. उत्तर ऐकायला झकास होतं आणि साफ चुकीचं होतं.

इंग्रजीत 'लाईट' हा एक शब्द नाहीच. दोन वेगळ्या घराण्यांतले दोन शब्द झिजत झिजत एकाच उच्चारावर येऊन ठेपले, एवढंच. आणि गंमत म्हणजे ही दोन्ही घराणी आपल्या घरात, अगदी देव्हाऱ्यातसुद्धा, केव्हाची नांदताहेत.

आधी उजेडवाला लाईट घेऊ. इंग्रजी, लॅटिन, ग्रीक, संस्कृत या भाषा एकाच जुन्या भाषेपासून फुटल्या. १७८६ मध्ये विल्यम जोन्सनं कलकत्त्यात हे साम्य जाहीरपणे मांडलं, आणि पुढच्या शतकात अभ्यासकांनी ध्वनिबदलांचे नियम शोधून काढले. त्या मूळ भाषेत 'लेउक्' असा काहीसा धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, होता, अर्थ चमकणे. लॅटिनमध्ये त्याचा 'लुक्स' झाला, ग्रीकमध्ये 'ल्यूकोस' म्हणजे पांढराशुभ्र. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या कर्करोगाला ल्यूकेमिया म्हणतात तो याच ल्यूकोसवरून. एलईडी बल्बच्या खोक्यावर लिहिलेलं 'लुमेन' हे मापही याच कुळातलं.

संस्कृतात या धातूचं रूप झालं 'रुच्'. ल चा र आणि क चा च. दोन्ही बदल संस्कृतात इतक्या शब्दांत दिसतात की त्यांना योगायोग म्हणता येत नाही. रुच् म्हणजे आधी चमकणे, मग आवडणे. डोळ्यांत भरतं ते मनात भरतं, आणि तिथून ते जिभेवर उतरलं. बेळगावचा कुंदा आपल्याला 'रुचतो' तेव्हा मुळात तो आपल्यासमोर चमकत असतो. याच रुच् पासून 'रुक्म' म्हणजे सोनं, आणि सोन्यानं झळकणारी ती रुक्मिणी. आषाढीला खानापूर-बेळगावच्या दिंड्या जिच्या दर्शनाला पंढरीची वाट धरतात ती रखुमाई आणि खांबावरची लाईट, या लांबच्या का होईना, बहिणी आहेत.

आता हलकावाला लाईट. याचं मूळ वेगळं, संस्कृतातला त्याचा भाऊ 'लघु'. लघुचं प्राकृतात 'लहु' झालं, मग अक्षरांनी जागा बदलल्या आणि 'हलु' झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या अदलाबदलीची नोंद आहे. मराठीतले 'हळू' आणि 'हलका' तिथून आले. म्हणजे शब्दकोशकारानं 'लाईट म्हणजे हलका' असं लिहिलं तेव्हा त्यानं अर्थ तर दिलाच, पण नकळत चुलतभावांची गाठही घालून दिली.

लघुला वेदांत एक जुनं रूप आहे, 'रघु'. अर्थ चपळ, वेगवान. अंगात भार नाही तो वेगानं धावणारच. इथंही तोच ल आणि र यांचा खेळ आहे. ऋग्वेदाच्या बोलीला र प्यारा होता, इतर बोलींनी ल जपला, आणि नंतरच्या संस्कृतानं दोन्ही ठेवून घेतले. म्हणून एकीकडे रघु आणि लघु, दुसरीकडे रुच् आणि लोचन. तेव्हा एक लाईट रखुमाईच्या गोतातली आणि दुसरी रघुनाथाच्या. हे मला कळलं तेव्हा मी भाच्याची वही परत मागून घेतली.

दुसऱ्या घराण्यातले इंग्रजी नातेवाईक तर भलतेच मजेदार आहेत. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात, ते याच मुळातून, म्हणजे 'हलका अवयव'. प्राण्याचं फुप्फुस पाण्यात टाकलं तर तरंगतं, काळीज बुडतं. हे खाटकांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होतं. रशियन भाषेतही हलका आणि फुप्फुस यांचे शब्द असेच सख्खे आहेत. बसमधून उतरणे या अर्थाचा 'अलाइट' हा शब्दही इथलाच. घोड्यावरून पायउतार व्हायचं म्हणजे घोड्याचा भार हलका करायचा. आपल्याकडचं 'लंघन'सुद्धा याच गोतातलं मानतात. शरीरात हलकेपणा आणतं ते लंघन, अशी व्याख्याच चरकसंहितेत आहे.

मग हे दोन शब्द एक कसे झाले? इंग्रजी स्पेलिंगमधलं न उच्चारलं जाणारं जी-एच पोरांना छळतं, पण ते जुन्या उच्चाराचं थडगं आहे. एकेकाळी तिथं घशातून 'ख'सारखा आवाज निघायचा. जर्मनमध्ये अजून 'लिख्ट' म्हणतात. हा आवाज मूळच्या क-घ वर्गातल्या ध्वनींचा इंग्रजीतला अवशेष. 'नाईट'मधलं जी-एच आणि संस्कृत 'नक्त'मधला क् एकमेकांसमोर ठेवले की हिशेब जुळतो. उजेडवाल्या शब्दात क होता, हलक्यात घ. दोन्ही घासले जाऊन आधी ख झाले, मग नाहीसेच झाले, आणि उरला एकच 'लाईट'.

अशा शब्दांचं डोक्यात काय होतं? १९७९ मध्ये डेव्हिड स्विनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना वाक्य ऐकवायचं, त्यात दोन अर्थांचा एक शब्द, आणि तो कानी पडताच पडद्यावर अक्षरं दाखवून हा शब्द आहे की नाही ते विचारायचं. वाक्यावरून अर्थ उघड असला तरी त्या क्षणी दोन्ही अर्थांशी जुळणारे शब्द लवकर ओळखले जात होते. तीनेक अक्षरं पुढं गेल्यावर मात्र प्रसंगाला धरून असलेला अर्थच टिकून असायचा. म्हणजे मेंदू आधी दोन्ही दारं उघडतो आणि मग एक गुपचूप लावून घेतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

सीमाभागातल्या माणसाच्या डोक्यात तर दारंच दारं. कन्नडात 'ऊरु' म्हणजे गाव, मराठीत ऊर म्हणजे छाती. कन्नडात 'कायी' म्हणजे नारळ, आणि मराठीत 'काय' हा तर दर दुसऱ्या वाक्यातला प्रश्न. खडे बाजारात नारळवाल्यापुढं उभं राहून 'काय?' विचारून बघा. लाईट गेली की मराठी घरात 'लाईट गेली' आणि पलीकडच्या कन्नड घरात 'करेंट होयतु'. दोन्ही शब्द इंग्रजांचे, वाटणी मात्र आपली आपण केलेली. शब्द वेगळे ठेवायचे आणि वाक्याची ठेवण एकमेकांसारखी करून घ्यायची, ही इकडची जुनी सवय. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलींचा अभ्यास करून गंपर्झ आणि विल्सन या भाषेच्या अभ्यासकांनी १९७१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं.

उजेडाला शुद्ध कन्नड शब्द 'बेळकु'. आमचे एक शेजारी छातीठोकपणे सांगतात, बेळकुवरून बेळगाव. ऐकायला माझ्या वजनाच्या उत्तराइतकंच झकास. जुन्या शिलालेखांत गावाचं नाव वेणुग्राम, वेळुग्राम असं येतं, म्हणजे वेळूचं, बांबूचं गाव. कन्नडात व चा ब होणं नेहमीचं.

राहिले समानार्थी शब्द. शाळेत त्यांच्या जोड्या लावतात, पण जोडी कधी पूर्ण जुळत नाही. इंग्रजीत झोपही लाईट, रंगही लाईट, पाऊसही लाईट. आपण म्हणतो सावध झोप, फिका रंग, भुरभुर पाऊस. उलट मराठीतला 'हलक्या कानाचा' माणूस इंग्रजीत लाईट होत नाही, आणि 'हलका माल' तर मुळीच नाही. उजेडाच्या बाबतीत मराठी जरा जास्तच श्रीमंत आहे असं मला वाटतं. पणती मिणमिणते, चूल ढणाढणा पेटते, चांदणी लुकलुकते, कौलातून कवडसा पडतो, दाराच्या फटीतून तिरीप येते. कन्नडातही बारीक चमकण्याला मिणमिण म्हणतात. या नादशब्दांना दोन्ही घरांत मुक्त प्रवेश आहे.

मी एवढं सगळं सांगेपर्यंत भाच्यानं जुनं उत्तर खोडून 'दोन शब्द आहेत' असं लिहिलं होतं आणि यादीत पुढं सरकला होता.

"मामा, डिलाइट म्हणजे आनंद. हे कुठल्या लाईटचं?"

कुठल्याच नाही. तो फ्रेंचमधून आलेला लॅटिन शब्द. त्यात जी-एच कधी नव्हतंच. सोळाव्या शतकाच्या सुमाराला लाईटच्या धाकानं कुणीतरी ते घातलं आणि तसंच राहिलं. तेवढ्यात पलीकडचा माग खडखडला, आणि भाच्यानं मोबाईलचा टॉर्च बंद केला.