वर्ण : निमगोरा

लग्नाच्या बायोडाटात जन्मतारीख, रास, नाडी, उंची आणि शिक्षण यांच्या मधोमध एक रकाना अजूनही असतो : वर्ण. त्यात लिहायचे शब्द ठरलेले. गोरा, गव्हाळ, निमगोरा, फार तर सावळा. ‘काळा’ असं लिहिलेलं मी आजवर एकाही बायोडाटात पाहिलेलं नाही. माझ्या आत्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा आजोबांनी निळ्या शाईत ‘सावळा’ लिहिलं होतं. मोठ्या काकांनी त्यावर काळ्या शाईची रेघ मारून शेजारी ‘निमगोरा’ लिहिलं. तो कागद आमच्याकडे अजून आहे. आत्या गणितात पहिली आलेली, हेही त्यात आहे, पण खाली, शेवटच्या ओळीत.

एखाद्या नटीने गोरेपणाच्या क्रीमची जाहिरात केली म्हणून तिच्यावर तुटून पडणं, मग तिचा खुलासा, मग कंपनीचा नवा शब्द, हे चक्र गेली काही वर्षं समाजमाध्यमांवर फिरतं आहे. ते कुठून सुरू झालं हे समजून घ्यायचं असेल तर मला वाटतं या शब्दांचाच माग काढायला हवा. बाटलीतलं द्रव्य फारसं बदललं नाही. तिच्यावरचं नाव मात्र बदलत गेलं.

गोऱ्या रंगाची ओढ कंपन्यांनी निर्माण केली असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. उन्हात राबणारा आणि सावलीत बसणारा, यांच्यातला फरक कातडीवर वाचण्याची सवय जुनी. जातीच्या उतरंडीने ती घट्ट केली आणि इंग्रजी राजवटीने तिला आणखी एक पायरी जोडली. विठोबाला सावळा म्हणून आळवणाऱ्या घरांतही सून शोधताना नजर वेगळीच होई. कंपन्यांनी केलं ते एवढंच की या ओढीला डबी दिली आणि डबीला किंमत. मुंबईत १९१९ साली ई. एस. पाटणवालांनी ‘अफगाण स्नो’ बाजारात आणलं. देशी बनावटीचं पहिलं सौंदर्यक्रीम म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ‘स्नो’ हा शब्दच पुरेसा बोलका होता. पुढे कित्येक घरांत कुठलंही पांढरं क्रीम म्हणजे ‘स्नो’च झालं.

खरा पालट १९७५ साली झाला. त्या वर्षी हिंदुस्तान लिव्हरने ‘फेअर अँड लव्हली’ आणलं. त्यातला मुख्य घटक नायसिनमाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. आपल्या त्वचेतल्या काही पेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवतात आणि ते बारीक पुड्यांसारखं वरच्या थरातल्या पेशींना पोचवतात. नायसिनमाइड ही पोचवणूक थोडी मंदावतं. त्यामुळे डाग फिके पडू शकतात, उन्हाने आलेला काळपटपणा काहीसा उतरू शकतो. जन्मजात रंग मात्र त्याने बदलत नाही, कारण तो किती आणि कसा असायचा हे आतल्या पेशी ठरवतात. म्हणजे क्रीम निव्वळ खोटं नव्हतं. खोटी होती ती त्याच्याभोवती रचलेली गोष्ट.

योगायोग असा की त्याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी एक सावळी तरुणी घराघरांत ओळखीची झाली होती आणि १९७५ मध्येच ती चित्रपटांतून दिसू लागली. स्मिता पाटील. तिच्या डोळ्यांबद्दल, चेहऱ्याबद्दल लोक आजही भरभरून बोलतात. तिच्यासारख्या रंगाच्या मुलींना त्याचा घरात काय उपयोग झाला, हा वेगळा प्रश्न. ‘स्मिता पाटीलसारखी आहे हो’ असं आत्याबद्दल कुणी म्हटलं की पुढचं वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं, असं आई सांगते.

नव्वदच्या दशकात केबल टीव्ही आला, लहान पाकिटं आली. महिन्याच्या किराणामालात ट्यूब बसत नसेल तरी काही रुपयांचं पाकीट कुणालाही परवडे. स्पर्धा वाढली, केशराची क्रीमं आली. खोक्यावर एकाच बाईचे दोन चेहरे असायचे, डावीकडून उजवीकडे उजळत जाणारे. आत छटांची पट्टी. ती गालाला लावून आपण कितव्या घरात आहोत ते बघायचं. आमच्या वर्गातल्या मुली ती पट्टी कंपासपेटीत ठेवायच्या. दर सोमवारी मधल्या सुट्टीत ती बाहेर निघे, खिडकीजवळच्या उजेडात गालाला टेकवली जाई आणि एकमेकींना आकडे सांगितले जात. अकरा-बारा वर्षांच्या मुली. हे आठवलं की मला आजही पोटात तुटतं.

पहिला मोठा सार्वजनिक वाद ‘फेअर अँड लव्हली’च्या जाहिरातींवरून झाला. एका जाहिरातीत घरखर्चाने पिचलेले वडील मुलगा असता तर बरं झालं असतं असं बोलून जातात, मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, गोरी होते आणि हवाईसुंदरीची नोकरी मिळवते. मुलगी असणं आणि सावळी असणं, दोन्ही उणिवा एकाच ट्यूबने भरून निघतात! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध राष्ट्रीय मानवी हक्क आयोगापर्यंत तक्रार नेली आणि २००३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हस्तक्षेपानंतर त्या जाहिराती पडद्यावरून गेल्या. त्याच वर्षी कंपनीने मुलींच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारं प्रतिष्ठान सुरू केलं. क्रीमच्याच नावाने. गरजू मुलींना त्यातून पैसे मिळाले हे मी नाकारणार नाही, पण शिकायलासुद्धा त्या नावाच्या दारातून जावं लागावं याचं वाईट वाटतं.

दोन वर्षांनी, २००५ मध्ये, इमामीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ काढलं आणि पुढे शाहरुख खान त्याचा चेहरा झाला. रंगाची चिंता आता मुलग्यांनाही वाटून दिली गेली.

उलट दिशेने कामही सुरू होतं. चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने २००९ मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम हाती घेतली. २०१३ मध्ये नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या आणि समाजमाध्यमांमुळे ती देशभर पोचली. पुढच्याच वर्षी जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन मंडळाने, म्हणजे मुंबईच्या ‘आस्की’ने, नियम केला : सावळ्या व्यक्तीला दुःखी, एकाकी, नोकरीला किंवा लग्नाला नालायक असं दाखवायचं नाही. नियम चांगला होता. पण त्याने दाखवण्यावर बंधन आलं, विकण्यावर नाही. तेव्हापासून ‘गोरी’च्या जागी ‘उजळ’, ‘नितळ’, ‘ब्राइट’ असे शब्द अधिकाधिक दिसू लागले.

मग रोख जाहिरात करणाऱ्यांकडे वळला. २०१६ मध्ये अभिनेत्री तनिष्ठा चटर्जी एका विनोदी कार्यक्रमातून उठून गेल्या, कारण सगळे विनोद त्यांच्या रंगावर होते. एप्रिल २०१७ मध्ये अभय देओलने फेसबुकवर एकामागून एक जाहिराती टाकून स्वतःच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या नावांना जाब विचारला. तोवर हिंदी चित्रपटसृष्टीत आपल्या माणसाचं नाव घेऊन असं कुणी फारसं बोलत नव्हतं. प्रियांका चोप्राने अशा जाहिराती केल्याची खंत जाहीरपणे व्यक्त केली. दाक्षिणात्य अभिनेत्री साई पल्लवीने अशा जाहिरातीसाठी मिळणारी मोठी रक्कम नाकारली.

त्याच एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि मला ती अधिक दूरगामी वाटते. फेसअ‍ॅप नावाच्या अ‍ॅपमध्ये चेहरा अधिक आकर्षक करणारा एक फिल्टर होता. तो लावला की माणूस गोरा होई. ओरड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि कारण सांगितलं की यंत्राला शिकवताना वापरलेल्या फोटोंमुळे हा कल आला. म्हणजे काकांनी मारलेली शाईची रेघ आता यंत्र आपणहून मारायला शिकलं होतं. आपल्याकडे स्वस्त सेल्फी फोनांची लाट आली ती याच काळात. त्यातल्या अनेकांत ‘ब्युटी मोड’ आधीपासूनच चालू असे. नुकताच फोन हाती आलेल्या मुलीला स्वतःचा चेहरा पहिल्यांदा दिसे तो असा पुसून उजळलेला.

२५ मे २०२० रोजी अमेरिकेत मिनिॲपोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. वंशद्वेषाविरुद्ध आपल्या तारेतारकांनीही पोस्ट टाकल्या आणि लोकांनी त्यांच्याच जुन्या जाहिराती त्यांच्यासमोर धरल्या. अवघ्या काही आठवड्यांत जे घडलं ते आधीच्या वीस वर्षांत घडलं नव्हतं. जॉन्सन अँड जॉन्सनने आपली गोरेपणाची दोन उत्पादनं थांबवली. शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगावरून स्थळ शोधण्याची सोय काढली; तीही उत्तर अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांनी मागणी लावून धरल्यावर. २५ जूनला ‘फेअर अँड लव्हली’वाल्या युनिलिव्हरने ‘फेअर’ शब्द सोडत असल्याचं जाहीर केलं आणि २ जुलैला नवं नाव आलं : ‘ग्लो अँड लव्हली’.

पुरुषांच्या क्रीमसाठी त्यांनी ‘ग्लो अँड हँडसम’ ठरवलं, तर इमामीनेही त्याच नावावर हक्क सांगितला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्टमध्ये न्यायालयाने हिंदुस्तान युनिलिव्हरच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्या वादातून एक तपशील पुढे आला. कंपनीने ‘ग्लो’च्या नावासाठी २०१८ मध्येच अर्ज केलेला होता. जनक्षोभाने तारीख अलीकडे आली असेल, शब्द मात्र आधीच शोधून ठेवलेला होता.

त्या सप्टेंबरात शाहरुख खानच्या मुलीने, सुहानाने, आपल्याला रंगावरून कुरूप म्हटलं गेल्याचं इन्स्टाग्रामवर लिहिलं. तिच्या वडिलांच्या जाहिरातीची आठवण करून देणाऱ्यांची रांग लागली. मला त्या मुलीबद्दल कणव वाटली. ती पट्टी तिच्याही गालाला लागलीच होती.

सरकारनेही फेब्रुवारी २०२० मध्ये, १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात गोरेपणाचे दावे आणण्याचा मसुदा काढला होता. शब्दांवरचा हा सगळा खल चालू असताना खालच्या बाजारात भलतंच शिरलं होतं. बीटामेथासोन या स्टेरॉइडची मलमं वर्षानुवर्षं चेहऱ्याला लावली जात होती. त्वचारोगतज्ज्ञांनी आवाज उठवल्यावर २०१८ मध्ये अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न देण्याच्या यादीत आली. पाऱ्याचं प्रकरण त्याहून भयंकर. पारा मेलॅनिन बनण्याचीच वाट अडवतो, म्हणून रंग खरोखर झपाट्याने उतरतो, आणि तोच पारा त्वचेतून आत जाऊन मूत्रपिंडाची चाळणी खराब करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, स्थानिक पातळीवर बनवलेल्या क्रीमने आजारी पडल्याचं उघड झालं. मुंबईत केईएममध्ये केलेल्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. केरळात कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या एका विशिष्ट प्रकारचा विकार असलेल्या १५ जणांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते.

गेल्या महिन्यात भाचीला घेऊन फोटो स्टुडिओत गेलो होतो. कॉलेजच्या अर्जासाठी फोटो हवा होता. स्क्रीनवर तिचा चेहरा आला आणि स्टुडिओवाल्या दादांचा हात सवयीने माउसवर गेला.

“ग्लो देऊ का जरा?”

“नको दादा, आहे तस्साच काढा,” ती म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. प्रिंट निघेपर्यंत तीन वेळा त्यांनी विचारलं, नक्की ना?